अक्कांचा शे

थंडी पडली की आमच्या गल्लीत दुपारपासूनच वांगी भाजायला लागतात. जळगावात माझा दवाखाना ज्या गल्लीत आहे, तिथे मागच्या मोकळ्या जागेत कोणीतरी कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करतं, त्यावर हिरवी वांगी उलटीपालटी होतात आणि त्यांचा धूर खिडकीतून थेट माझ्या खुर्चीपर्यंत येतो. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो आणि तोंड उघडं ठेवूनच सांगतो, भरीत चाललंय. मी हो म्हणते आणि तेवढ्यात एक खोल श्वास घेते. वास येतोय. बरं आहे. मग कामाला लागते.

ही सवय एका हिवाळ्याची आहे. इतकी वर्षं झाली तरी गेली नाही. सकाळी दवाखाना उघडला की दिवा लावायच्या आधी मी लवंगेच्या तेलाची बाटली नाकाशी धरते. माझ्या असिस्टंटला वाटतं मॅडम देवाच्या जागी लवंग पुजतात. तिला मी खरं कारण सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेले तर अक्कांपासून सुरुवात करावी लागेल, आणि अक्का सुरू झाल्या की पेशंट खोळंबतात.

तेव्हा मी धुळ्याकडच्या एका डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. वडील वरणगावला फॅक्टरीत, त्यामुळे माझं लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं. शेजारी तेलुगू, समोर बंगाली, मागे नागपूरकडचे; बोलायची भाषा अर्धी हिंदी, अर्धी शाळेतली मराठी. खान्देशात जन्मून मला खान्देशी येत नव्हती. कॉलेजात पेशंट आजूबाजूच्या खेड्यांतून यायचे आणि माझ्याशी बोलताना जरा सावरून, शहरी मराठीत बोलायचे. एकट्या वेणूअक्का तशा बोलल्या नाहीत. अमळनेर रस्त्यावरच्या एका गावाहून एसटीनं यायच्या, साठी उलटलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर घट्ट. त्यांनी पहिल्या दिवसापासून मला त्यांच्याच बोलीत घेतलं. मला अर्धं कळायचं, अर्ध्यावर मी मान हलवायचे.

आल्या तेव्हा अक्कांच्या तोंडात चार दात होते. चारही हलत होते. पण त्या चार दातांनी त्या कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा तोडायच्या, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड एका कडेनं कुरतडायच्या, आणि त्यांचं तसं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं माझं. शेवटच्या वर्षाला पूर्ण कवळीचे ठरावीक पेशंट करावे लागतात, आणि पूर्ण कवळीसाठी तोंड पूर्ण रिकामं लागतं. मी त्यांना समजावलं, हे चार दात आता राहणारे नाहीत, काढून टाकू, दोन महिन्यांत अख्खी बत्तिशी बसवून देते. सल्ला चुकीचा नव्हता, पुस्तकातही तेच लिहिलंय. पण त्या सल्ल्यात माझी घाई किती होती, ते मला ठाऊक आहे. अक्कांनी विचारलं कधीपर्यंत. मी म्हटलं पाडव्याला साखरेचा हार कडकड चावून खाल.

दात काढले. हिरड्या भरल्या. मापं झाली, दोन्ही जबडे कसे मिटतात तो चावा मेणावर घेतला, मेणात दात बसवून झाले. मेणाची कवळी तोंडात घालून बघायची आणि पक्की करायला पाठवायची, एवढंच राहिलं होतं. अक्कांना गुरुवारी बोलावलं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी हॉस्टेल रिकामं करायचा निरोप आला. वाटलं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न. मी ती मेणाची कवळी माझ्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, वर चिठ्ठी लावली 'वेणूअक्का', कुलूप घातलं आणि घरी निघाले. पाडवा आला तेव्हा सगळा देश घरात बसलेला होता.

त्या उन्हाळ्यात आम्ही दात मोबाईलवर पाहिले. सर स्क्रीनवर दाढ फिरवून दाखवायचे आणि नेट गेलं की दाढ अर्धवट फिरून थांबायची. हात विसरू नये म्हणून मी अंगाच्या साबणावर दात कोरायचे. आई म्हणायची, या घरात आता आंघोळीलाही दाढा वापराव्या लागतात. ग्रुपवर रोज वाद चालायचा. काहींना कधी एकदा कॉलेज उघडतं असं झालं होतं, काहींना ते उघडूच नये असं वाटत होतं, आणि बहुतेकांना दिवसातून दोन्ही वाटायचं. बाकी जगानं तोंड झाकलं तरी भागत होतं. आमचा धंदाच उघड्या तोंडाचा. समोरच्याला मास्क काढायला सांगायचं, त्याच्या श्वासापासून एका वितीवर वाकायचं आणि वर पाण्याचा फवारा मारायचा. ज्याला सगळे घाबरत होते, नेमकं तेच आमच्या अभ्यासक्रमात होतं.

ऐन मे महिन्यात अक्कांचा फोन आला. नंबर सुनेचा. मी नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं,

"डाक्टरीनबाई, मना दात कव्हय भेटतीन?"

दातांशिवाय बोललेलं ते वाक्य फुसफुसत आलं, 'दात'मधला त कुठेतरी हिरडीवरच राहिला. मी म्हटलं लवकरच, कॉलेज उघडलं की. त्या म्हणाल्या बरं, आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी जेवायला बसले तेव्हा चपाती चावताना मला स्वतःच्या दातांचा आवाज ऐकू यायला लागला. नंतर किती तरी दिवस तो ऐकू येत राहिला. मी त्यांना काय खाता असं विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

कॉलेज उघडलं ते थंडीत. त्याआधी हमीपत्र आलं, पालकांच्या सहीचं. त्यात होतं की पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे. वडिलांना दमा आहे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि सही केली. मग एवढंच म्हणाले की शनिवार-रविवार इकडे यायची गरज नाही, तिकडेच अभ्यास कर. मला आधी राग आला. एसटी जळगाव सोडून एरंडोलच्या पुढे आली, दोन्ही बाजूंना कापूस फुटून पांढरं झालेलं शिवार दिसायला लागलं, तेव्हा कळलं की ते स्वतःसाठी नव्हते घाबरले. मी घरी आले आणि त्यांना काही झालं, तर मी ते आयुष्यभर घेऊन फिरेन, याची त्यांना भीती होती. बसमध्ये आम्ही सगळे एकेका सीटवर एकेक बसलो होतो. कोणी खोकलं की सगळी बस खिडकीबाहेर बघायची.

हॉस्टेलवर माझी रूम पार्टनर प्रियंका, पहूरची, माझ्या आधी पोचली होती. तिनंच तो सकाळचा नेम सुरू केला. अंघोळीच्या आधी लवंगेच्या तेलाची छोटी बाटली आम्ही आळीपाळीनं हुंगायचो. दातांच्या विभागाला जो एक वास असतो तो या तेलाचा, पहिल्या वर्षी त्यानं आमचं डोकं चढायचं. आता तो आला की जिवात जीव यायचा. येतोय? येतोय. मग चला. ज्या दिवशी सर्दी असेल त्या दिवशी बाटली दोन-तीनदा नाकाशी नेली जायची, आणि हसू नको म्हणून दुसरीला दटावलं जायचं.

पहिल्या दिवशी मी विभागात गेले ती सरळ माझ्या कपाटाकडे. कुलूप गंजलं होतं. आत वरच्या कप्प्यात चिठ्ठी जशीच्या तशी होती आणि तिच्याखाली एक गुलाबी थर पसरून घट्ट झाला होता. त्यात अक्कांचे अठ्ठावीस दात आडवेतिडवे पडलेले. कपाट पश्चिमेच्या खिडकीला लागून, पत्रा लोखंडी, आणि बाहेर खान्देशचा मे महिना. मेण वितळणार हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. ही कवळी गार पाण्याच्या भांड्यात घालून तळघराच्या खोलीत ठेवायची असते. घाईत मी ते केलं नव्हतं. पुढची एक दातओळ कप्प्याच्या कडेला येऊन थांबली होती, खाली पडता पडता राहिलेली. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. फेस शील्डच्या आत रडलं की पुसता येत नाही, हा शोध मला त्या दिवशी लागला.

आम्हाला कवळ्या शिकवणाऱ्या मॅडम आल्या, त्यांनी कप्प्यात पाहिलं. रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. म्हणाल्या, मेण राहिलं असतं तरी नऊ महिन्यांत हिरड्या झिजल्या असतील, जुन्या मापाचा उपयोग नाही. पहिल्यापासून करावं लागेल. पहिल्यापासून म्हणजे पाच खेपा. तेव्हा दिवसाला मोजकेच पेशंट घ्यायची परवानगी होती आणि एका विद्यार्थ्याचा नंबर पंधरा दिवसांनी लागायचा. हिशेब केला तर चैत्रापर्यंत जात होतं. त्यात मध्येच पुन्हा बंद झालं तर?

अक्का आल्या त्या दिवशी मी पांढऱ्या किटमध्ये होते, वर दोन मास्क, शील्ड, टोपी. अक्का खुर्चीत बसल्या, पाय वर घेतले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरच्या प्रियंकाला विचारलं,

"या पोतामा कोन शे?"

प्रियंका हसता हसता खाली बसली. मी आवाज दिला तेव्हा अक्कांनी ओळखलं. त्यांचे गाल आत गेले होते, हनुवटी वर नाकाकडे आली होती, आणि त्या एका वर्षात दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. मी ठरवलं होतं की सांगताना गोल गोल बोलायचं नाही. सांगितलं. दात तयार होते, चूक माझी, मेण वितळलं, आता सगळं नव्यानं, पुन्हा पाच वेळा यावं लागेल, तेही अशा दिवसांत. तुमचे चार दात होते तेच बरे होते, मी काढायला लावायला नको होते, हेही म्हणून गेले. किटच्या आत घामाची धार पाठीवरून उतरत होती. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेण वितळनं, मी तं नही ना वितळनू," त्या म्हणाल्या. "कर मंग पहिलेपाईन." आणि आ केला.

आजही मला वाटतं की दंतवैद्य म्हणून माझी पदवी त्या क्षणी सुरू झाली. कागदावर ती पुढे दीड वर्षानं आली. भीती गेली नव्हती. त्या उघड्या तोंडावर वाकताना मी श्वास धरला होता, आणि अक्कांनीही धरला असावा, कारण मापाचा ट्रे बाहेर काढल्यावर आम्ही दोघींनी एकदमच सुस्कारा सोडला. पण इतके महिने मला वाटत होतं की धोका मी पत्करते आहे, मी परत आले आहे. अक्का तीन गावं घेत येणाऱ्या बसमधून, गावात कोणालाही न सांगता, अनोळखी लोकांत येऊन तोंड उघडत होत्या. आमच्यापैकी कोणीच हमीपत्र त्यांच्या बाजूनं वाचलं नव्हतं.

खेपा चालू झाल्या. पौषात पहिलं माप, मग दुसरं. हॉस्टेलच्या मागे वॉचमन भरीत करायचा आणि आम्हाला खिडकीतून द्रोण द्यायचा. वर शेंगदाणे, कांद्याची पात. आम्ही ते रूममध्ये वेगवेगळ्या कॉटवर बसून खायचो आणि तिखट लागलं की समाधानानं म्हणायचो, चवही आहे. माघात चावा झाला. फाल्गुनात मेणाची कवळी पुन्हा तयार झाली, आणि या वेळी मी ती प्रियंकाच्या स्टीलच्या डब्यात माठाचं पाणी घालून ठेवली. दिवसातून दोनदा पाणी बदलायचे. प्रियंका म्हणायची, मासे पाळल्यासारखं करतेस.

मेणाची कवळी तोंडात घालून बघताना पेशंटला बोलायला लावतात. पुढचे दात नीट बसलेत की नाही ते 'स'वरून कळतं; दात चुकले तर शीळ येते. आमच्याकडे रीत होती की साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगायचं. मी सांगितलं. अक्का म्हणाल्या,

"साठ कोन मोजस? तीन ईसा."

तीन विसांचे साठ. पुढे? तीन ईसा एक, तीन ईसा दोन, प्रत्येक आकड्यात तोच एक स. मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांचे डोळे शील्डच्या आत हसले आणि त्या पुढच्या खुर्चीकडे निघून गेल्या. मी विचारात पडले. मग लक्षात आलं की मी उगाच आकडे शोधतेय. करस, जास, म्हणस, शे, शेतस. ही बाई दोन वाक्यं बोलली तर त्यात सहा वेळा स आणि श येतात. कवळीची परीक्षा घ्यायला याहून चांगली बोली कुठे सापडणार? मी म्हटलं, अक्का, घरी काय काय आहे ते सांगा. अक्का रंगल्या.

"गाय शे, दोन बकऱ्या शेतस, सून शे, दोन नातू शेतस. बठ्ठासना तोंडमा दात शेतस, मनाच तोंडमा नहीत."

प्रत्येक 'शे'ला बारीक शीळ वाजत होती. पुढचे दोन दात मी मेण गरम करून केसभर आत घेतले. पुन्हा गाय शे. शीळ कमी. पुन्हा केसभर. दोन मास्क, शील्ड, टोपी, शेजारची मशीन, या सगळ्यातून मी एक अक्षर ऐकायचा प्रयत्न करत होते. शेवटी मला वाटलं की शीळ गेली. खात्री नव्हती. पक्की झाल्यावर नीट कळेल, असं म्हणून मी ती पाठवून दिली.

तोवर आकडे परत चढायला लागले होते. जळगाव आधी, मागोमाग धुळे. कॉलेजात कुजबुज सुरू झाली आणि एका शुक्रवारी सूचना लागली की सोमवारपासून फक्त तातडीचे पेशंट. कवळी तातडीत बसत नाही. अक्कांची पक्की कवळी शुक्रवारीच संध्याकाळी येणार होती. मी सुनेला फोन करून अक्कांना शनिवारी पहिल्या बसनं पाठवायला सांगितलं. पाडवा आठवड्यावर होता. एक वर्ष उशिरा का होईना, मी म्हटलेला पाडवा साधणार होता. त्या आनंदात मी लवकर उठले.

बाटली नाकाशी धरली. काही नाही.

झाकण नीट निघालं नसेल म्हणून पाहिलं. पुन्हा. प्रियंकाला दिली, ती म्हणाली येतोय की, भरपूर. कांदा कापून बघितला, उदबत्ती पेटवली. धूर दिसत होता. ताप नव्हता, खोकला नव्हता, अंगात उत्साह होता. मी कॉटवर बसून राहिले आणि, लपवायचं कशाला, पुढची दहा मिनिटं मी मनात एकच गोष्ट घोळवत होते. अक्का बसमध्ये बसल्यात. काम पाच मिनिटांचं. दोन मास्क आहेत, तिसरा घालू. आज नाही तर मग कधी ते कोणालाच माहीत नाही. आणि मी न बोलले तर हे कोणाला कळणार? वास न येणं बाहेरून दिसत नाही.

 प्रियंकानं आपली कॉट ओढून भिंतीला लावली. तो कॉटचे पाय घासल्याचा आवाज ऐकला आणि मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस, कवळी कुठे ठेवली आहे? मी कप्पा सांगितला. वडिलांना कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग आज नाही ना गेलीस?" नाही म्हटलं. फोनवर त्यांचा दम्याचा श्वास ऐकू येत राहिला.

अक्कांना कवळी मॅडमनी बसवली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होते, खिडकीतून कॉलेजचं गेट दिसायचं. अकराच्या सुमाराला हिरवा पदर बाहेर पडताना दिसला. तोंडावर रुमाल बांधलेला. एवढ्या लांबून दात दिसायचं काही कारणच नव्हतं, तरी मी काचेला नाक लावून बघत राहिले. मॅडमनी नंतर कळवलं की छान बसली, एका जागी थोडी घासावी लागली, अक्कांनी तुझी चौकशी केली. मी विचारलं, शे म्हणायला लावलंत का? मॅडम म्हणाल्या, साठपासून मोजायला सांगितलं. त्या तीन ईसावरच अडल्या.

मग ते दिवस. प्रियंका दुसऱ्या खोलीत गेली, डबा दाराशी यायचा. भात पांढरा आहे म्हणून भात, वरण पिवळं आहे म्हणून वरण. मी अक्कांसारखंच जेवत होते, बिनदाताच्या माणसासारखं. तोंड चालत होतं आणि काही लागत नव्हतं. आधीच्या खेपेला मी त्यांना काही दिलं तर नसेल ना, हा एक विचार रोज यायचा. त्यांच्या सुनेचा नंबर मी काढायचे आणि ठेवून द्यायचे.

पाडव्याच्या दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर सुनेचाच. मी उचलला. पलीकडे आधी काहीतरी फोडल्यासारखा कडक आवाज आला. साखरेचा हार असावा. मग अक्का बोलल्या.

"पोर, तू कशी शे?"

मी आधी तो 'शे' ऐकला. स्वच्छ होता. शीळ नाही, फुसफुस नाही, पुढच्या दातांच्या मागे जीभ जिथे टेकायला हवी तिथे टेकलेली. केसभर आत घेतलं ते बरोबर होतं, एवढंच डोक्यात आलं. त्यांनी काय विचारलं ते त्यानंतर माझ्यापर्यंत पोचलं. पलीकडे अक्का हार चावत वाट बघत होत्या.

"बरी शे, अक्का," मी म्हटलं. त्यांची बोली मी तोंडातून काढलेली ती पहिली वेळ.